बोरिस येफिमोव: सत्तेच्या सांगण्यावरून चित्रं काढणारा व्यंगचित्रकार

कुंचला (धागाकर्ता)

1940 सालच्या फेब्रुवारीत मॉस्कोमध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. 2 तारखेला मिखाइल कोल्त्सोव, सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्राव्दा' या वर्तमानपत्राचा देशभर गाजलेला पत्रकार. 4 तारखेला निकोलाय येझोव, गुप्त पोलिसांचा माजी प्रमुख, ज्याच्या कारकिर्दीत लाखो माणसं पकडली आणि मारली गेली. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे बोरिस येफिमोव हा व्यंगचित्रकार. कोल्त्सोव त्याचा सख्खा थोरला भाऊ. आणि येझोव त्याच्या 1937 सालच्या एका गाजलेल्या चित्राचा नायक. त्या चित्रात येझोव हातात अणकुचीदार काट्यांचे पोलादी हातमोजे घालून एका अनेकतोंडी सापाचा गळा आवळतोय. बघणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात म्हणून काढलेलं चित्र. पुढच्याच वर्षी डिसेंबरात त्याच खात्याची माणसं भावाला घेऊन गेली.

येफिमोव 1900 साली कीव्हमध्ये जन्मला आणि 2008 साली मॉस्कोत वारला. 108 वर्षं. झारशाही, क्रांती, यादवी, लेनिन, स्टालिन, ख्रुश्चेव, ब्रेझनेव, गोर्बाचेव, येल्त्सिन, पुतिन एवढं सगळं त्याने पाहिलं, आणि यातला बराचसा काळ त्याचा कुंचला रोजच्या वर्तमानपत्रासाठी चालू होता. जगाच्या इतिहासात इतकी लांब कारकीर्द असलेला दुसरा राजकीय व्यंगचित्रकार माझ्या तरी माहितीत नाही.

घर ज्यू, वडील चामड्याचं काम करणारे, मूळ आडनाव फ्रिडल्यांड. वडिलांचं नाव येफिम, त्यावरून धाकट्याने येफिमोव हे नाव घेतलं आणि थोरल्याने कोल्त्सोव. लहानपण ब्यालिस्टोकमध्ये गेलं, ते आज पोलंडमध्ये आहे. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. कीव्हला परत येऊन कायद्याच्या अभ्यासाला लागला होता, पण क्रांती आणि यादवीच्या धामधुमीत तो मागे पडला आणि चित्रं पुढे आली. 1922 मध्ये भावाने मॉस्कोला बोलावून घेतलं. भाऊ तोवर 'प्राव्दा'त पाय रोवून बसला होता, पुढच्याच वर्षी त्याने 'ओगोन्योक' हे सचित्र साप्ताहिक नव्याने सुरू केलं. बोरिस 'इज्वेस्तिया' या सरकारी वर्तमानपत्रात, 'प्राव्दा'त आणि 1922 मध्येच निघालेल्या 'क्रोकोदील' या विनोदी नियतकालिकात चित्रं देऊ लागला.

1924 मध्ये त्याच्या व्यंगचित्रांचा पहिला मोठा संग्रह आला. प्रस्तावना कोणाची, तर लिओन ट्रॉट्स्कीची. तेव्हा हा मोठा मान होता. लाल सैन्य उभं करणारा माणूस एका चोवीस वर्षांच्या पोराच्या रेषेबद्दल लिहितोय! चारच वर्षांनी त्याच ट्रॉट्स्कीची दूर कझाकस्तानातल्या अल्मा-आताला हद्दपारी झाली. येफिमोव आपल्या आठवणींत सांगतो की हद्दपारीपूर्वी तो ट्रॉट्स्कीचा निरोप घ्यायला गेला होता आणि निघताना ट्रॉट्स्कीने स्वतः त्याला ओव्हरकोट चढवायला मदत केली. त्या दिवसांत त्या दारात जायला हिंमत लागत होती, हे त्याच्या खात्यावर जमा धरलंच पाहिजे. मात्र पुढची अनेक वर्षं त्याने ट्रॉट्स्कीला देशद्रोही आणि परकीयांचा हस्तक म्हणून रंगवलं, हेही त्याच खात्यावर आहे.

तरुणपणी त्याच्या चित्राची धार किती होती याचा एक दाखला देतो. 1926 च्या डिसेंबरात लिथुएनियात चार कम्युनिस्टांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यावर 'इज्वेस्तिया'त त्याचं चित्र छापून आलं. त्यात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन या हत्येला दाद देताना दाखवले होते. 1927 च्या फेब्रुवारीत चेंबरलेनने सोव्हिएत सरकारला जो कडक खलिता पाठवला, त्यात या चित्राचा रागाने उल्लेख होता. परराष्ट्रमंत्र्याने सरकारी कागदपत्रात व्यंगचित्राविरुद्ध तक्रार करावी, याहून मोठी पावती कोणत्या व्यंगचित्रकाराला हवी?

माझी अडचण इथून पुढे सुरू होते. 1934 पासून 'इज्वेस्तिया'चा संपादक होता क्रांतीतला एक बडा नेता, निकोलाय बुखारिन. म्हणजे येफिमोवचा वरिष्ठ. 1937 च्या फेब्रुवारीत बुखारिनला अटक झाली, 1938 च्या मार्चमध्ये खटल्याचा देखावा झाला आणि त्याच महिन्यात त्याला गोळ्या घातल्या. या खटल्यांवरही येफिमोवने चित्रं काढली. ज्याच्या हाताखाली काम केलं, त्यालाच फॅसिस्टांचा हस्तक म्हणून कागदावर उतरवलं.

मी त्याची चित्रं दोन ढिगांत ठेवतो. चेंबरलेन, हिटलर, गोबेल्स, गोअरिंग एका बाजूला. या माणसांकडे फौजा होत्या, तोफा होत्या, सरकारं होती. दुसऱ्या बाजूला बुखारिन आणि त्या खटल्यांतले आरोपी. चित्र निघालं तेव्हा ही माणसं कोठडीत होती, त्यांच्या कबुल्या छळ करून वा घरच्यांच्या जिवाची धमकी देऊन घेतलेल्या होत्या, आणि त्यांची बाजू छापायला देशात एकही वर्तमानपत्र नव्हतं. पहिल्या ढिगाला मी व्यंगचित्रं म्हणतो. दुसऱ्यासाठी मला तो शब्द वापरवत नाही. रेषा तीच, कौशल्य तेच, पण ज्याचे हात बांधलेत त्याला टोचण्यात व्यंग कुठे आलं?

तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने लिहा. त्याच्या चित्रांवर, त्याच्या काळावर, काहीही चालेल.

अवंती

फार सुंदर ओळख. येझोव आणि कोल्त्सोव यांच्यातलं दोन दिवसांचं अंतर वाचून थबकले. कोल्त्सोवबद्दल अजून लिहाल का? स्पेनच्या यादवी युद्धात तो होता एवढंच मला माहीत आहे. हेमिंग्वेच्या 'फॉर हूम द बेल टोल्स' कादंबरीतला कार्कोव हा रशियन पत्रकार त्याच्यावरून घेतलाय. आणि भावाला पकडल्यावर येफिमोवने काय केलं?

कुंचला

अवंतीताई, स्पेनहून परतल्यावर कोल्त्सोवला स्टालिनने बोलावलं, त्याची हकीकत भावाने आठवणींत लिहून ठेवली आहे. कोल्त्सोवने स्पेनमधला सगळा वृत्तान्त सांगितला. उठायच्या वेळी स्टालिनने विचारलं, तुमच्याकडे पिस्तूल आहे का? आहे, असं उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न: त्याने स्वतःवर गोळी झाडायचा विचार तर नाही ना? कोल्त्सोवने घरी येऊन भावाला हे सांगितलं आणि म्हणाला, त्यांच्या डोळ्यांत मला माझ्याबद्दल वाचता आलं, हा माणूस जरा जास्तच चलाख आहे.

त्यानंतरही 1938 मध्ये मानसन्मान चालूच होते. तो रशियन गणराज्याच्या सर्वोच्च सोव्हिएतचा सदस्य झाला, विज्ञान अकादमीत निवडला गेला. 12 डिसेंबरला संध्याकाळी लेखकांच्या सभागृहात व्याख्यान दिलं, तिथून 'प्राव्दा'च्या कचेरीत गेला आणि रात्री तिथूनच त्याला उचललं.

येफिमोवला 'इज्वेस्तिया'तून काढलं. राजकीय चित्रं बंद. मधल्या काळात साल्तिकोव-श्चेद्रिनच्या साहित्यासाठी चित्रं काढून त्याने दिवस काढले. श्चेद्रिन हा एकोणिसाव्या शतकातला झारशाहीच्या नोकरशाहीवर कोरडे ओढणारा लेखक. भावासाठी त्याने खेटे घातले, सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी मंडळाचा प्रमुख वासिली उल्रिख याचीही भेट घेतली. उत्तर मिळालं, दहा वर्षं, पत्रव्यवहाराची परवानगी नाही. हे वाक्य त्या काळात हजारो घरांना ऐकवलं गेलं. त्याचा अर्थ माणूस आधीच संपवलेला आहे. 1954 मध्ये कोल्त्सोव निर्दोष ठरवला गेला.

तर्कट

लेख चांगला आहे, पण दोन ढिगांची मांडणी मला पटत नाही.

1937-38 मध्ये 'मी हे चित्र काढणार नाही' असं म्हणण्याचा अर्थ काय होता? नोकरी गेली असती एवढाच नाही. बायको छावणीत, मुलं अनाथालयात, म्हातारे आईवडील रस्त्यावर. बायका-मुलांनाही शिक्षा देण्याचे हुकूम तेव्हा कागदोपत्री निघालेले होते. येफिमोव स्वतः पुढे हेच सांगत राहिला की नकार म्हणजे मरण होतं. आपण 2020 च्या दशकात, पंख्याखाली बसून, त्याच्या चित्रांना 'व्यंगचित्र नाही' असं प्रमाणपत्र देणार? मला ते जमत नाही.

शिवाय भाऊ गेल्यावर तो जगला, त्यामुळे आज आपल्याला कोल्त्सोव कळतो. भावाच्या आठवणी, लेख, पत्रं त्याने गोळा केली, त्याच्यावर लिहिलं. मेला असता तर हे कोणी केलं असतं?

कुंचला

तर्कट, माणसाला मी दोषी ठरवत नाही. त्या जागी मी असतो तर काय केलं असतं याचं उत्तर देण्याची माझी छाती नाही. पण माणसाच्या नाइलाजाने चित्र बदलत नाही. ते चित्र लाखो लोकांनी पाहिलं. कारखान्यातल्या, शेतावरल्या माणसाने खटल्याची कागदपत्रं वाचली नव्हती, त्याने साप पाहिला आणि काट्यांचे हातमोजे पाहिले. त्याला वाटलं, बरं झालं. ते चित्र ज्यांच्या विरुद्ध होतं त्यांच्याही बायका होत्या, मुलं होती.

निळी शाई

मी रेषेबद्दल बोलते, कारण त्यावर अजून कोणीच लिहिलेलं नाही.

येफिमोवचं 1941 चं आर्य वंशावरचं चित्र शोधून जरूर बघा. नाझींच्या म्हणण्याप्रमाणे खरा आर्य कसा असतो? उंच, सडपातळ, सोनेरी केसांचा. येफिमोवने तीन माणसं शेजारी शेजारी उभी केली. 'उंच'खाली लुकडासुकडा, बुटका गोबेल्स. 'सडपातळ'खाली पट्टा तटतटलेला गोअरिंग. 'सोनेरी केसांचा'खाली काळ्या झुलपांचा हिटलर. संपलं. याला वेगळं भाष्य लागत नाही. निरक्षर माणसालाही कोणी ते तीन शब्द वाचून दाखवले की तो हसणारच. नाझी राजवटीचा अख्खा वंशसिद्धान्त त्याच राजवटीच्या तीन थोबाडांनी खोटा पाडलाय.

यात कष्ट कुठे आहेत ते बघा. तिन्ही चेहरे ओळखता आले पाहिजेत, आणि तरी इतके ताणले पाहिजेत की हसू यावं. जास्त ताणलं तर ओळख जाते, कमी ताणलं तर साधं रेखाचित्र उरतं. गोबेल्सचं तोंड येफिमोव निमुळतं, पुढे काढलेलं करतो, उंदराकडे झुकणारं, पण माणूस राहतोच. ठसठशीत काळी बाह्यरेषा, मागे जवळपास काही नाही, आकृत्या मोजक्या. खराब कागदावर, घाईत छापलं तरी चित्र बिघडू नये याचा त्यात विचार आहे. व्हिक्टर देनी आणि द्मित्री मोर या आधीच्या पिढीच्या रशियन चित्रकारांकडे भित्तिचित्राची जी सफाई होती, ती येफिमोवने रोजच्या वर्तमानपत्रात आणली असं माझं मत आहे.

आता खटल्यांच्या काळातली चित्रं याच्या शेजारी ठेवा. साप, कुत्री, विषाच्या बाटल्या, स्वस्तिक. चेहऱ्याचा अभ्यास गेला, ठरीव चिन्हं आली. हिटलरच्या चित्रात त्याने हिटलरकडे निरखून बघितलेलं कळतं. बुखारिनला तो रोज बघत होता, तरी चित्रात खरा बुखारिन नाही. त्यामुळे कुंचला, दोन ढीग मलाही दिसतात. पण माझ्या लेखी फरक आधी रेषेत दिसतो, नीतीचा प्रश्न नंतर येतो.

सागरगोटा

निळी शाई यांचा प्रतिसाद वाचून ते चित्र शोधून पाहिलं. तटतटलेल्या पट्ट्याचा गोअरिंग काय जमलाय!

स्टालिन आणि येफिमोव यांच्या थेट संबंधावर मी भर घालतो. 1947 ची गोष्ट. शीतयुद्धाला तोंड फुटलेलं. एके दिवशी येफिमोवला पक्षाचा बडा नेता आंद्रेइ झ्दानोव याच्याकडून बोलावणं आलं. अमेरिकन लष्कर उत्तर ध्रुवाकडे सरकतंय, तिथे म्हणे रशियाचा धोका आहे, याची टर उडवणारं चित्र कॉम्रेड स्टालिन यांना हवंय. कल्पना स्टालिनचीच. आयझेनहॉवर विमानं-रणगाड्यांचा लवाजमा घेऊन ओसाड बर्फावर आलाय, शेजारी एक साधा अमेरिकन विचारतोय की या शांत जागी एवढी धावपळ कशाला, आणि जनरल म्हणतोय, दिसत नाही का, इथूनच तर रशियन संकट येतंय.

येफिमोव घरी येऊन कामाला लागला. दोन-तीन दिवस तरी मिळतील असा त्याचा हिशोब. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला, पलीकडे स्टालिन स्वतः. नमस्कार-चमत्कार काही नाही. ती व्यक्ती नखशिखांत शस्त्रांनी मढलेली हवी, विमानं हवीत, तोफा हव्यात, आणि चित्र आज सहा वाजता हवं. फोन बंद. घड्याळात साडेतीन वाजलेले.

चित्र वेळेत गेलं. पुढे झ्दानोवने त्याला ते दाखवलं तेव्हा मजकुरावर लाल पेन्सिलीने दुरुस्त्या होत्या, स्टालिनच्या हाताच्या. देशाचा सर्वेसर्वा माणूस व्यंगचित्राखालच्या ओळी दुरुस्त करत बसला होता.

आणखी एक किस्सा 1937 चा. येफिमोव जपानी लष्करशहांना मोठाले पुढे आलेले दात दाखवायचा. निरोप आला, स्टालिनना हे आवडत नाही, यातून जपानी माणसाच्या राष्ट्रीय अस्मितेचा अपमान होतो. ज्या वर्षी आपल्याच देशातली माणसं रात्री-अपरात्री घरातून उचलली जात होती, त्या वर्षी!

माणदेशी

तर्कट यांच्या मुद्द्यावर. नकार दिला नाही म्हणून येफिमोव वाचला, असा सरळ हिशोब मांडू नका. त्या राजवटीत आज्ञाधारक राहूनही माणसं गेली.

'क्रोकोदील'मधलाच कॉन्स्तान्तिन रोतोव घ्या. जन्म 1902, येफिमोवपेक्षा दोन वर्षांनी लहान. माणसांनी खचाखच भरलेली, गमतीदार चित्रं काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. 'कप्तान व्रुंगेल' या मुलांच्या लाडक्या पुस्तकाची चित्रं त्याची, 'म्हातारा खोताबिच'चीही त्याचीच. कोणाच्या अध्यात ना मध्यात. 1940 मध्ये त्याला पकडलं, आठ वर्षं छावणी, सुटल्यावर पुन्हा सैबेरियात हद्दपारी. 1954 मध्ये परत आला आणि 1959 मध्ये वारला. म्हणजे माणूस अडतीस वर्षांचा असताना गेला आणि बावन्नाव्या वर्षी परतला. चित्रकाराची ऐन भराची चौदा वर्षं.

त्यामुळे येफिमोव का वाचला या प्रश्नाचं उत्तर त्याच्या वागण्यात पुरतं सापडणार नाही.

अवंती

माणदेशी, रोतोव वाचून वाईट वाटलं. मग येफिमोव वाचला तरी कसा? भाऊ 'जनतेचा शत्रू' ठरलाय, पहिल्या पुस्तकाला ट्रॉट्स्कीची प्रस्तावना, जन्माने ज्यू. यातली एकेक गोष्ट माणसाला संपवायला पुरेशी होती.

सागरगोटा

गरज. 1940 मध्ये परराष्ट्रमंत्री मोलोतोवच्या सांगण्यावरून त्याला राजकीय चित्रांसाठी परत आणलं. सुरुवातीला 'त्रूद' या कामगार संघटनांच्या वर्तमानपत्रात, तेही स्वतःच्या नावाने नाही, व. बोरिसोव या टोपणनावाने. परराष्ट्र राजकारणावर पटकन, अचूक आणि वरिष्ठांना कळेल असं चित्र देणारे हात देशात मोजके होते. त्यात तो होता. पुढच्याच वर्षी जूनमध्ये जर्मनीने हल्ला केला आणि ते हात रोज लागू लागले.

युद्धात त्याने 'क्रास्नाया ज्वेज्दा' या सैन्याच्या वर्तमानपत्रासाठी आणि 'तास'च्या खिडक्यांसाठी चित्रं काढली. या खिडक्या म्हणजे 'तास' वृत्तसंस्थेने दुकानांच्या दर्शनी काचांत लावलेली मोठी रंगीत भित्तिचित्रं. युद्ध संपल्यावर न्युरेंबर्गच्या खटल्याला त्याला पाठवण्यात आलं, बरोबर कुक्रिनिक्सीही होते. कुप्रियानोव, क्रिलोव आणि निकोलाय सोकोलोव हे तीन चित्रकार या एका सहीने चित्रं काढायचे, कोणतं चित्र कोणाचं ते बाहेर कळत नसे. चार वर्षं ज्यांची तोंडं कल्पनेने वेडीवाकडी केली, ते गोअरिंग आणि मंडळी येफिमोवने तिथे आरोपीच्या बाकावर बसलेली पाहिली आणि समोरून रेखाटली.

तर्कट

बघा, इथे कुंचला यांचा नियम अडचणीत येतो. न्युरेंबर्गमध्ये गोअरिंगचेही हात बांधलेलेच होते. तोही कोठडीतून न्यायालयात येत होता. मग न्युरेंबर्गची रेखाटनं कोणत्या ढिगात?

कुंचला

नेमकं बोट ठेवलंत. यावर बराच विचार केला.

न्युरेंबर्गला आरोपींना वकील होते, साक्षीदारांची उलटतपासणी होत होती, जगभरचे पत्रकार हजर होते, आणि आरोपींपैकी तिघे, शाख्त, पापेन आणि फ्रित्से, निर्दोष सुटले. गोअरिंग दिवसच्या दिवस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून बोलला. त्याचं म्हणणं नोंदलं गेलं. पुरावा नाझींच्याच कागदपत्रांचा होता. मॉस्कोच्या खटल्यांत निकाल आधी ठरला आणि पुरावा म्हणजे फक्त कबुली. म्हणून माझा नियम मी जरा नीट करून मांडतो. समोरचा कैदेत आहे की नाही यावर मुद्दा ठरत नाही. त्याला त्याचं म्हणणं मांडता येतंय का, आणि चित्र ज्यावर उभं आहे ते खरं आहे का, यावर ठरतो. त्या कसोटीवर गोअरिंग पहिल्या ढिगात आणि बुखारिन दुसऱ्या.

देवराई

उशिरा आले, पण धागा पूर्ण वाचला. आत्तापर्यंत सगळी चर्चा चित्रकारावर चालली आहे, मला संपादकाबद्दल बोलायचंय.

त्याच काळातला डेव्हिड लो आठवा. मूळचा न्यूझीलंडचा, काम लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये. मालक लॉर्ड बीव्हरब्रुक कट्टर हुजूरपक्षीय, लो डाव्या विचारांचा, पण हवं ते काढण्याची मुभा करारातच घेतलेली. मालकाचीच खिल्ली मालकाच्या वर्तमानपत्रात उडवायचा. तरी त्याच्यावरही दबाव आलाच. 1937 मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला जाऊन आले, तिथे गोबेल्सने लोच्या चित्रांबद्दल कुरकुर केली आणि हॅलिफॅक्सनी लोला जरा सबुरीने घ्यायला सांगितलं. लोने थोडे दिवस हिटलरला नावाने काढणं थांबवलं आणि हिटलर-मुसोलिनी यांची मिसळ करून एक नवंच पात्र उभं केलं. म्हणजे दबाव होता, पण दबावाला वळसा घालायला जागाही होती. येफिमोवला असा वळसा कुठून घेता आला असता? वर्तमानपत्र सरकारचं, छापखाना सरकारचा, संपादक उद्या जागेवर असेल की नाही त्याचा भरवसा नाही.

लोचा आपल्याकडे फार मोठा प्रभाव पडला. बाळ ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण दोघेही त्याला मानायचे. 1960 मध्ये 'मार्मिक' निघालं तेव्हा ठाकऱ्यांच्या कुंचल्याच्या फटकाऱ्यात लो शोधणारे वाचक होते. येफिमोव मात्र मराठी वाचकापर्यंत नावानिशी फारसा पोचलाच नाही. सोव्हिएत पुस्तकं आणि मासिकं इथे घरोघर यायची, गुळगुळीत कागदाची, पण त्यातून आपल्याला परीकथा आणि अवकाशवीर भेटले. त्यामुळे हा धागा निघाला याचा मनापासून आनंद झाला.

निळी शाई

देवराई, वळशाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. म्हणूनच येफिमोवच्या चित्रांत शत्रू सरकारी धोरणाबरोबर बदलतात. युद्धात आयझेनहॉवर दोस्त सेनापती, 1947 मध्ये बर्फावरचा विदूषक. युगोस्लाव्हियाचा टिटो 1948 पर्यंत कॉम्रेड, मग एकदम रक्ताळलेला खाटीक, आणि 1955 मध्ये ख्रुश्चेव स्वतः बेलग्रेडला जाऊन आला की तो विषय बंद. ही यादी पाहिली की सोव्हिएत परराष्ट्र खात्याचा इतिहास चित्रांवरून लिहिता येईल असं वाटतं.

अवंती

म्हातारपणाबद्दल कोणी लिहील का? 1991 नंतर त्याचं काय झालं?

सागरगोटा

मानसन्मान आधीच भरपूर मिळाले होते. 1950 आणि 1951 मध्ये स्टालिन पुरस्कार, 1967 मध्ये सोव्हिएत संघाचा लोककलाकार ही पदवी, 1990 मध्ये समाजवादी श्रमवीर. प्रचारचित्रं काढणाऱ्या 'आगितप्लाकात' या संस्थेचा तो अनेक वर्षं प्रमुख होता. देश विसर्जित झाला तेव्हा तो एक्क्याण्णव वर्षांचा होता. त्यानंतर त्याने आठवणी लिहिल्या, त्यातलं मुख्य पुस्तक 2000 साली आलं, 'दहा दशकं'. वर आपण जे किस्से सांगितले त्यातले बरेचसे याच आठवणींतले. 2007 मध्ये, 107 व्या वाढदिवसाला, 'इज्वेस्तिया'ने त्याला मुख्य चित्रकार म्हणून नेमलं. ज्या वर्तमानपत्राने 1938 मध्ये काढून टाकलं त्यानेच. पुढच्या वर्षी 1 ऑक्टोबरला तो वारला.

स्टालिनबद्दल तो शेवटपर्यंत दोन्ही बोलायचा. याने माझ्या भावाला मारलं, आणि मी जिवंत राहिलो, काम करू शकलो, तेही याच्यामुळेच. मुलाखत घेणारे त्याला एका बाजूला ढकलायचा प्रयत्न करायचे, तो जात नसे.

तर्कट

सागरगोटा यांनी सांगितलेली ती दोन वाक्यं एकत्र बोलणारा माणूस मला पटतो. ऐंशी वर्षांनी आपण त्यातलं एक खोडून टाकायला सांगू नये.

कुंचला, कसोटी सुधारून मांडलीत ती बरीचशी मान्य. एक गोष्ट मात्र राहते. बुखारिनची चित्रं खोट्यावर उभी होती हे आज आपल्याला ठाऊक आहे. सरकारने बुखारिनला निर्दोष ठरवलं 1988 मध्ये, पन्नास वर्षांनी. 1938 मध्ये येफिमोवला ते ठाऊक होतं का?

कुंचला

भावाला अटक होईपर्यंत त्याचा सरकारवर किती विश्वास होता ते बाहेरून सांगता येणार नाही. पण बुखारिनला तो ओळखत होता. त्याच्या कचेरीत बसत होता, चित्रं मंजूर करून घेत होता. हा माणूस गेस्टापोचा हेर आहे हे त्याने मनापासून मानलं असेल, असं मला वाटत नाही. निळी शाई यांनी वर जे लिहिलंय, की त्या चित्रांत खरा बुखारिन नाहीच, त्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतोय. ज्याला चेहरा पकडण्याचं असामान्य कसब होतं त्याने रोजचा ओळखीचा चेहराच टाळला, तेव्हा हाताला काहीतरी कळलं होतं असं मी धरतो. हे माझं वाचन आहे, पुरावा नाही.

माणदेशी

हाच मुद्दा रोतोवच्या चित्रांना लावून बघायला हवा. परतल्यावर त्याने पुन्हा 'क्रोकोदील'साठी काढलं. अटकेच्या आधीची आणि नंतरची त्याची गर्दीची चित्रं शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. कुंचला, तुमची हरकत नसेल तर मी रोतोववर वेगळा धागा काढतो. निळी शाई, रेषेवर तिथे तुम्हीच लिहा.

निळी शाई

जरूर. 'कप्तान व्रुंगेल'पासून सुरुवात करू. मी दोन्ही काळांतली चित्रं जमवायला घेते.